लाडक्या मामाचं औक्षण

कुरुंदा,
धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय दिपा,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत, धडधाकट आहेत, आणि माझं वजन होतं त्याहून वाढलंच आहे. फोन हाताशी असताना हिनं पत्र काहून लिहिलं, असं तुझ्या मनात आलंच असेल. कारण आहे, आणि ते मी शेवटी सांगणार आहे. मधलं गाळून शेवटाकडे पळालीस तर तुला माझी शपथ. लहानपणी तू कोणतंही गोष्टीचं पुस्तक शेवटच्या पानापासून वाचायचीस, म्हणून आधीच दरडावून ठेवते.

दिवाळीत तू मला बजावलं होतंस की ती मालिका मी बघत नाही, आणि गावात त्यावर कोण काय बोलतं तेही मला सांगायचं नाही. मी इतके महिने शब्द पाळला. तुला फोनवर हळदीचा भाव सांगितला, वैजनाथच्या गुडघ्याचं दुखणं सांगितलं, शेजारच्या मांजरीची बाळंतपणं सांगितली, पण ‘लाडका मामा’ हे नाव तोंडातून काढलं नाही. माझ्यासारख्या बाईला ही केवढी तकलीफ, ते तुलाच कळेल. आज तो शब्द मोडते आहे. मोडते आहे ती तुझ्यासाठी आणि तुझ्या आईसाठी. तुम्हा मायलेकींचं फोनवरचं बोलणं मला पाठ आहे. जेवलीस का, गोळी घेतलीस का, बरं ठेवते. लग्न होऊन नाशिकला गेल्यापासून तू गावाकडे आलीस ती सकाळच्या एसटीनं आणि परतलीस ती संध्याकाळच्या. आईच्या घरी एक रात्र पाठ टेकली नाहीस. ते काहून, हे तुला, मला आणि तुझ्या आईला, निर्मलाकाकूंना ठाऊक आहे. चौथ्या माणसाला नाही, आणि या पत्रात जे घडलेलं सांगणार आहे त्यानंतरही ते कुणाला कळलेलं नाही, एवढी खात्री आधीच देऊन ठेवते. आता मन घट्ट कर आणि हसायची तयारी ठेव, कारण बरंचसं हसण्यासारखंच आहे.

तू एकही भाग पाहिलेला नाहीस, तेव्हा गोष्ट थोडक्यात सांगते. टीव्हीवर एक फार मोठा माणूस असतो. लहान पोरांचा गाण्याचा कार्यक्रम करतो, झब्ब्याच्या खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या, आणि अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं त्याला मामा म्हणतात. सुरुवातीला तो इतका गोड दाखवला की आमच्या बचत गटातली कमलबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, असा एक भाऊ मला असता तर माहेर तुटलं नसतं. मग एका भागात एक मोठी झालेली मुलगी पोलीस ठाण्याच्या बाकावर येऊन बसते आणि मी लहान असताना मामानं माझ्याशी काय केलं ते सांगते. कुणी खरं मानत नाही. मग दुसरी येते. मग तिसरी. आणि टाळ्या वाजवणारे सगळे एकेक करून खाली मान घालायला लागतात. एवढीच गोष्ट आहे, पण तिनं आमच्या गावात यंदा जो गोंधळ घातला तो निवडणुकीतसुद्धा होत नाही.

झालं असं की यंदा मालिका आणि हळद एकाच वेळी शिजायला लागली. हळद शिजवून वाळवली की आमच्या खळ्यात बायका हळकुंडं आणि हलक्या भावाचे गड्डे वेगळे करायला बसतात, ते तू विसरली नसशीलच. पहिले हात पिवळे, मग नाक पिवळं, मग चहाची कपबशी पिवळी. दुपारी आदल्या दिवशीचा भाग पुन्हा लागतो. मग मी मोबाइल पालथ्या घमेल्याला टेकवून ठेवायची आणि गोल करून सगळ्या बघायच्या. कमलबाईला कमी ऐकू येतं, म्हणून तिला प्रत्येक वाक्य ओरडून सांगावं लागायचं. त्यामुळे मामाची पापं आमच्या खळ्यातून थेट बसस्टँडपर्यंत ऐकू जायची. ज्या दिवशी त्या पहिल्या मुलीनं तोंड उघडलं त्या दिवशी डोळे मोबाइलवर आणि हात कुठेही, असं झालं. हिंगोलीच्या मोंढ्यात पोतं सोडलं तर हळकुंडांत निम्मे गड्डे. व्यापाऱ्यानं वैजनाथला चारचौघांत विचारलं, पाटील, यंदा डोळे मिटून माल भरला का? मामाला आमच्या घरातली पहिली शिवी माझ्या नवऱ्यानं घातली, ती बायकांच्या कळवळ्यानं नव्हे, त्या पोत्यापायी.

मग हा गृहस्थ बायकांवर लक्ष ठेवायला म्हणून खळ्यात येऊन उभा राहायला लागला. आधी उभा राहिला, मग पोत्यावर टेकला, मग कमलबाईला वाक्यं ओरडून सांगायचं काम त्यानंच घेतलं. एकदा उपरण्यानं डोळे पुसताना मी त्याला पकडलं, तर म्हणतो, हळद शिजवायच्या कुकरचा धूर गेला डोळ्यांत. कुकर कधीच थंड पडला होता. रात्री जेवायला एक भाकरी जास्त वाढली.

भांडणंही झाली बरं का. गटातलीच सुमनबाई पहिल्या दिवसांत म्हणायची, इतकी वर्षं ह्या पोरींनी काय तोंडात मिठाची गुळणी धरली व्हती? आताच काहून बोलून राहिल्या? कमलबाईला ते कसं कोण जाणे नेमकं ऐकू आलं. ती म्हणाली, तुझ्या सासूनं तुला तापल्या उलथन्यानं चटका दिला, ते तू मला कवा सांगितलं? सासूचं तेरावं झाल्यावर! सुमनबाई हसायला लागली, मग हसता हसता रडली, आणि मग दिपा, एकेक जण बोलायला लागली. कुणाला एसटीतला हात आठवला, कुणाला औषध देणारा एक डॉक्टर, कुणाला स्वतःचा दीर. ज्या गोष्टी या बायकांनी आईला, नवऱ्याला, देवाला सांगितल्या नव्हत्या, त्या हळदीच्या ढिगाशी बसून सांगितल्या, आणि वर एकमेकींच्या पाठीवर पिवळे पंजे उठवत हसल्या. त्या दिवशी हळद तशीच पडून राहिली. वैजनाथ बांधावर जाऊन बसला होता, त्याला कुणी बोलावलं नाही आणि तोही आला नाही. शहाणा आहे तसा.

माझ्या भावावर मात्र अन्याय झाला. शिवशंकर संक्रांतीला आला, खिशात नेहमीच्या गोळ्या घेऊन. माझ्या धाकटीनं मामाला बघितलं, गोळ्यांकडे बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. बिचाऱ्याचं तोंड इतकं उतरलं की चहा न घेताच निघाला. त्याला फाटकापर्यंत जाऊन समजावून आणावा लागला. त्यानं गोळ्या आधी माझ्या हातात दिल्या, मी धाकटीच्या, तेव्हा कुठे दोघांचं जमलं. भावासाठी मला वाईट वाटलं हे खरं, पण आतून मला फार बरंही वाटलं. आपल्या वेळी आपल्याला हात पाठीमागे घ्यायला कुणी शिकवलं होतं?

या सगळ्या गोंधळात निर्मलाकाकू रोज यायच्या. कोपऱ्यात बसून हळद निवडायच्या. सगळ्यांच्या ढिगात घोळ व्हायचा, काकूंचा ढीग तेवढा स्वच्छ. मी चोरून त्यांच्याकडे बघायची. एका भागात ती मुलगी लहानपणी आईला सांगायला जाते आणि आई म्हणते, असं बोलू नये, केवढा थोर माणूस आहे तो. काकू उठल्या. पाणी पिऊन येते म्हणाल्या आणि त्या दिवशी परत आल्याच नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले, तर भिंतीवरची ती तसबीर खाली उतरवलेली. तुला माहीत आहे कोणती. मी विचारलं तर काकू म्हणाल्या, काच चांगली हाय, फ्रेमही सागवानी हाय, फेकून कशाला देऊ? दुसऱ्या दिवशी त्यात त्यांच्या म्हशीचा फोटो. हसू नकोस. हस. मीही हसले.

आता मला त्या उन्हाळ्यात शिरावं लागणार. थोडंच शिरते. तसबिरीतल्या त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही, तुला चालायचं नाही आणि माझी शाईही वाया जायची. रेडिओवर गाणारा माणूस आपल्या गावात महिनाभर शिबिर घ्यायला येतो, याचं गावाला किती कौतुक होतं! आणि त्यातही निर्मलाकाकूंच्या दिपाचा गळा त्यानं निवडला, म्हणजे काकूंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. त्या वेळी विहिरीच्या कठड्यावर बसून तू मला जे सांगितलंस त्यातला एक शब्दही मी विसरले नाही. पण मला ते आठवलं की त्याच्यामागोमाग दुसरंच आठवतं. आपण दोघींनी ओढ्याकाठची खाजकुयली फडक्यात धरून आणली आणि त्याच्या गाण्याच्या कार्यक्रमाआधी त्याच्या झब्ब्यात आतून चोळली. अख्खं गाव समोर बसलेलं, हा मंद्रात आलाप घेतोय आणि मध्येच बगल खाजवतोय, मग पाठ, मग तबलजीच्या अंगावर रेलून पाठ घासतोय. लोकांना वाटलं, केवढी तल्लीनता! तू माझ्या खांद्यात तोंड खुपसून हसत होतीस. तेरा वर्षांच्या दोन पोरींना जेवढा न्याय करता आला तेवढा आपण केला. पण त्यानंतर तू गाणं सोडलंस आणि आईशी मनातलं बोलणंही. तो मेला तेव्हा पेपरात अर्धं पान आलं होतं, आणि काकूंनी ते कापून ठेवलं नाही, एवढं मी तेव्हाच बघितलं होतं. तुला बोलले नव्हते.

आता खरी मजा ऐक. जवळा बाजार गावातला तातेराव साड्यांचं मोठं दुकान काढून बसला आहे. काचेच्या दारांचं, आत पुतळ्यांना शालू नेसवलेलं. उद्घाटनाला टीव्हीचा माणूस पाहिजे म्हणून त्यानं मालिका सुरू झाली तेव्हाच, म्हणजे मामा गोड होता तेव्हाच, मामाचं काम करणारा नट यशोधन दातीर याला ठरवून टाकलं. तातेरावानं आयुष्यात एक मालिका बघितलेली नाही. त्यानं नुसतं पोस्टर बघितलं. पोरांच्या गराड्यात हसरा माणूस, आणखी काय पाहिजे? रस्त्यावर भला मोठा बोर्ड लागला, ‘भाच्यांनो, तुमचा लाडका मामा येतोय! आईला घेऊन या!’ आणि बोर्ड लागला त्याच आठवड्यात टीव्हीवर मामाला बेड्या पडल्या. रातोरात कुणी तरी बोर्डावरच्या मामाला कोळशानं शिंगं काढली. तातेराव घाबरला. माणूस तर बदलता येत नव्हता, म्हणून त्यानं ‘मामा’ या शब्दावर पांढरा कागद चिकटवला. मग बोर्ड झाला, ‘तुमचा लाडका येतोय’. ते तर त्याहून भयंकर.

आमचा अख्खा गट जीप करून गेला. त्याला शिव्या द्यायला जातोय असं सगळ्या सांगत होत्या, पण सगळ्यांनी पिशव्याही घेतल्या होत्या. काकू जीपमध्ये पुढे बसल्या. नेहमीचं पांढरं सोडून त्या दिवशी त्यांनी तुझ्या वडिलांनी घेतलेलं हिरवं इरकली लुगडं काढलं होतं, त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. मी विचारलं, काकू, कुठं लग्नाला निघालात का? म्हणाल्या, चाल गुमान.

बाजाराचा दिवस, त्यात बँड, गर्दी मरणाची. नट गाडीतून उतरला तर टीव्हीवर दिसतो त्याच्या निम्माही नाही. बारीकसा, सर्दी झालेला, रुमालात शिंकणारा माणूस. रिवाजाप्रमाणे पाहुण्याला ओवाळायला पाच सवाष्णी पाहिजेत. ताट तयार, निरांजन लावलेलं, आणि सवाष्णींचा पत्ता नाही. तातेरावाची बायको तर सगळ्यांदेखत म्हणाली, असल्याला ओवाळायला माझा हात उचलणार न्हाई, तुमी ओवाळा. वहिनी मागे सरल्या, बहीण मागे सरली. तातेराव बायकांकडे बघत फिरतोय, कपाळावर घाम, आणि समोर तो पाहुणा तसाच ताटकळलेला. तेव्हा गर्दीतून काकू पुढे झाल्या आणि म्हणाल्या, मी करते. तातेरावानं त्यांच्या कपाळाकडे बघितलं. तुझे वडील गेल्यापासून काकूंच्या हातात ओवाळणीचं ताट कुणी दिलेलं नाही, हे तुला सांगायला नको. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते किती बरं असतं कधी कधी! त्यानं ताट दिलं.

काकू त्या नटासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ताट उचललं, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ताट शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिलं. तातेराव हातात माईक घेऊन बाजूलाच उभा होता, आणि माईक चालू होता. त्या दिवशी अख्ख्या बाजारानं निर्मलाबाईचं बोलणं ऐकलं. मी शब्दाला शब्द लिहिते, कारण ते तुझे आहेत. काकू म्हणाल्या, “काहून रे? येवढं नाव, येवढा मान. लोकं पाया पडून राहिले, अन् तुला लेकरूच दिसलं? पेटी शिकवतो म्हणला. झळा येतात म्हणून खिडकी लावून घेतली. लेकरानं घरी येऊन सांगितलं, तर मी म्हणले, थोर माणूस हाय, पाठीवरून हात फिरवला असंल, आशीर्वाद दिला असंल. अन् त्याच सांजंला तुला जेवू घातलं. पुरणाची पोळी वाढली, वरून तूप. लेकरू चुलीपाशी बसून बघून राहिलं व्हतं. लेकरू खरं बोललं व्हतं. मी खोटी ठरले तरी चालंल, ह्या बाजारात सांगून राहिले, माझं लेकरू खरं बोललं व्हतं.”

शेजारी सुमनबाई माझ्या कानाशी कुजबुजली, पेटी कुठली गं? मामा तर गोळ्या वाटतो. काकूनं दुसरी कोणती मालिका मिसळली वाटतं. मी म्हटलं, हो गं, वय झालं. सगळ्यांना तेच वाटलं. म्हातारी नटालाच खरा मामा समजली, आणि त्यातही मालिकांची खिचडी केली. कुणी तरी हसलंसुद्धा. पण मग बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली ती थांबेचना. कमलबाईनं शिट्टी मारली. तिला शिट्टी येते हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

आणि तो नट! आधी तो हसला, आई, अहो मी तर फक्त, असं म्हणायला लागला, आणि काकूंच्या तोंडाकडे बघून मध्येच थांबला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण मी नव्हतो तो, असं तो एकदाही म्हणाला नाही. खाली मान घालून, हात जोडून, नाक गळत होतं ते तसंच गळू देऊन त्यानं सगळं ऐकलं, आणि शेवटी एवढंच म्हणाला, चुकलं, आई. काकू तातेरावाला म्हणाल्या, काडेपेटी दे, निरांजन विझलं. विझलेलं निरांजन त्यांनी पुन्हा लावलं, त्या पोराला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, नीट ओवाळलं आणि म्हणाल्या, “आता तू तुझा. सुंठ घे, सर्दी लई झाली तुला.” तो पाया पडला. तातेराव रडला. दुकानातला माल दुपारपर्यंत विकून संपला, मीसुद्धा दोन साड्या घेतल्या, त्यातली मोरपंखी तुझी आहे.

त्याचा व्हिडिओ निघालाच. एक म्हातारी नटाला खरा समजून झापते म्हणून लोक हसत हसत पुढे पाठवतात. हसू देत. त्यात नाव काकूंचं आहे, तुझं कुठंही नाही. पोरं काकूंना रस्त्यात गाठून विचारतात, आजी, आता कुणाला झोडपायचं? काकू म्हणतात, तुझ्या मास्तराला विचार. गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांना इतकं हसताना पाहिलेलं नाही. काल धुळवडीला कमलबाईनं त्यांच्या गालाला रंग लावला, आणि काकूंनी तिला पाण्याची अख्खी बादली घातली.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. परतताना औंढ्याच्या फाट्यावर जीप थांबवून आम्ही भजी खाल्ली. काकूंनी दोन प्लेटी संपवल्या. मी हळूच त्यांना म्हटलं, काकू, तो नट होता हो, नुसतं काम करतो. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी तेरा वर्षांची झाले. म्हणाल्या, “मला येडी समजती का मंजू? मला काय ठाऊक न्हाई? त्यो तर मेला. मसणात जाऊन कुणाला बोलू? हे पोरगं त्याचं तोंड घेऊन दारात आलं, म्हणलं, बराबर हाय, ह्या तोंडाला तरी बोलून घ्यावं.” मग मिरची मोडून खाल्ली आणि म्हणाल्या, “पर ज्याला बोलायचं ते बोलले. जिला सांगायचं ती ऱ्हायलीच.”

म्हणून हे पत्र. मी हे लिहिते आहे तेव्हा काकू माझ्या समोर बसल्या आहेत, आणि प्रत्येक ओळीला विचारतात, काय लिहिलं? म्हशीचा फोटो लिहू नको म्हणत होत्या, मी लिहिला. मी आधी फोनच लावत होते, त्यांनी तो हातातून काढून घेतला. म्हणाल्या, फोनवर तिला लगेच उत्तर द्यावं लागंल, पोरगी भिडस्त हाय, मनात नसताना व्हय म्हणून बसंल. कागद असला म्हणजे तिला पाहिजे तितके दिस राग धरता येईल. तू गावाकडे यावंस असं त्यांचं म्हणणं नाही, त्या घरात तू रात्र काढावीस असंही नाही. त्यांना नाशिकला यायचं आहे. बाजारात माईकवर जे बोलल्या तेच एकदा तुझ्यासमोर बसून बोलायचं आहे, दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडे बघून नाही. बोलून लगेच परत निघते, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, लेकीच्या घरी जायला आईला कशाला विचारावं लागतं? तर म्हणाल्या, इतर आयांना लागत नसंल, मला लागतं. आता त्यांनी बोट ठेवून दाखवलं, इथं लिही, आणि माझे शब्द घालू नको. म्हणून त्यांचेच लिहिते. दिपा, येऊ का?

तुझीच,
मंजू